ढोलीतला पाहुणा



हे सुरतजवळचं इच्छापोर. इकडे हिऱ्यांचे कारखाने, तिकडे हजिऱ्याकडे धावणारे ट्रेलर. इथं कसली जंगलाची परिषद, असं येताना दोघातिघांनी विचारलं. अहो, 1842 साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून रान भाडेपट्ट्यानं घेतलं, ते सागासाठी. लाकडाचं गिऱ्हाईक शहरात बसतं. मग बोलायचं तेही शहरातच.

मी त्याच धंद्यातला. तीस वर्षं लाकडाची वखार चालवली. पाडलेल्या वाड्याची तुळई आली की तिचं टोक रंध्यानं साफ करून बघायचो. वलयं इतकी चिकटलेली, की मोजताना नख अडखळायचं. लागवडीतल्या कोवळ्या सागाची वलयं सुटी-सुटी, कडेला पांढऱ्या लाकडाची जाड पट्टी, आणि वाळवी आधी तिथंच शिरणार. जुन्याला आम्ही दुप्पट भाव द्यायचो. रानात उभा असलेला म्हातारा साग मात्र आतून पोकळ निघाला, तर म्हणायचो, काय कामाचा, काढून टाका.

त्या पोकळीत कोण राहतं, हे मला फार उशिरा कळलं. रानपिंगळा! आपल्या खानदेशातला पक्षी. 1884 साली डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचे नमुने गोळा केले, आणि त्यानंतर तो दिसेनासाच झाला. मध्यंतरी मायनर्ट्झहागेन या लष्करी गृहस्थांनी 1914 साली आपल्याला तो मिळाल्याचं दाखवलं. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी पकडली. नमुना संग्रहालयातून चोरलेला होता. त्या गृहस्थांनी दिलेलं खोटं ठिकाण बाजूला सारून त्या आपल्या साथीदारांसह खऱ्या ठिकाणी निघाल्या, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पिंगळा समोर बसलेला! एकशे तेरा वर्षांनी. पुढे तो डांगातही सापडला. घरटं करायला त्याला ढोली लागते, आणि ढोली काही रोपवाटिकेत मिळत नाही.

उद्या आपण वांसद्याला जाणार आहोत. तिथलं रान एकेकाळी वांसद्याच्या राजांचं खासगी होतं. 1952 पासून तिथं तोड नाही, 1979 साली राष्ट्रीय उद्यान झालं. आकार जेमतेम 24 चौरस किलोमीटर. पडलेलं खोड तिथं तसंच कुजू देतात. माझ्यातला वखारवाला अजून हळहळतो, पण जरा वाकून बघा: सालीखाली बुरशी, किडे, भेगेत एखादं रोप. रान राखायचं म्हणून रानातल्या माणसाला बाहेर काढायचं, हे मात्र मला पटत नाही. त्यावर दुपारी भांडूच. 2006 चा वनहक्क कायदा जाणणारी मंडळी सभागृहात आहेत.

बस पहाटे साडेपाचला सुटेल. वाटेत मोठ्या कोळ्यांची जाळी चेहऱ्याच्या उंचीवर असतात, तेव्हा पुढच्यानं काठी घ्यावी. जाळं तोडायला नव्हे, मागच्याला दाखवायला. आणि आज जेवणात भरीत आहे, जळगावच्या वांग्यांचं.