मोडलेले गाव, बांधणारे हात
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला तो ‘विहाराची बांधणी’. बांधणी म्हटलं की लोकांना वाटतं, आता विटा, सिमेंट आणि स्लॅबचा हिशेब ऐकायला मिळणार. तो हिशेब खजिनदार मांडतीलच. आम्ही आज वेगळा प्रश्न घेऊन उभे आहोत. युद्धात, दंगलीत एखादे गाव उद्ध्वस्त होते. पुढे केव्हातरी शांतता होते. मग ते गाव पुन्हा बांधायचे ते कोणी, आणि कशाने?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतून आपल्या माणसांची घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. ज्याचे घर जळते त्याच्या भिंती तर जातातच, पण शेजाऱ्यावरचा विश्वास जातो, गावातून ताठ मानेने चालण्याची हिंमत जाते. पत्रे आणि बांबू मदतीत मिळतात. हिंमत कोणत्या मदतीत मिळते? याचे उत्तर शोधताना आम्हाला कंबोडिया या बौद्ध देशाकडे पाहावेसे वाटते.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली. ७ जानेवारी १९७९ पर्यंत, म्हणजे चार वर्षेही पुरी नाहीत, एवढ्या काळात सुमारे पंधरा ते वीस लाख माणसे उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि हत्याकांडात गेली. भिक्खूंची चीवरे जबरदस्तीने उतरवली. विहारांची कुठे कोठारे केली, कुठे तुरुंग केले. एकोणीसशे एकोणऐंशीच्या सप्टेंबरात नोम पेन्हच्या वत ऊनालोम या विहारात सात ज्येष्ठांना पुन्हा उपसंपदा देण्यात आली, तेव्हा दीक्षा देणारे थेरवादी भिक्खू शेजारच्या व्हिएतनाममधून आणावे लागले. एवढा तो देश रिकामा झाला होता.

अशा देशात माणसे गावी परतली. पोटाला नीट अन्न नाही, घरातली निम्मी माणसे नाहीत. आणि त्याहून अवघड गोष्ट अशी, की कालचा मारेकरी आणि कालचा बळी एकाच गावात, एकाच पाणवठ्यावर. या लोकांनी आपल्या घरांबरोबर आणखी काय उभे करायला घेतले? गावचा विहार. सरकारकडे पैसा नव्हता आणि तरुणांना भिक्खू होण्यावर पुढे कित्येक वर्षे बंदी होती. तरी लोकांनी काम सोडले नाही. पुढाकार घेतला तो गावातल्या जाणत्या उपासकांनी. त्यांना तिकडे ‘आचार’ म्हणतात. शब्द आपलाच आहे, आचार्य.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर ऐका. त्यांच्या आवारात मधली मुख्य इमारत ती ‘विहिअर’, म्हणजे विहार. सभेची, भोजनदानाची मोकळी इमारत ती ‘साला’, म्हणजे शाला. भिक्खूंची राहण्याची जागा कुटी, अस्थींचा स्तूप तो ‘चेदेय’, म्हणजे चैत्य. जवळ तळे, सावलीची झाडे आणि बऱ्याच ठिकाणी आवारातच मुलांची शाळा. विहिअर ही सगळ्यांत खर्चिक इमारत, ती पुरी व्हायला वर्षानुवर्षे लागतात. साला मात्र सोपी. खांब रोवायचे, वर उतरते छप्पर घालायचे, बाजू मोकळ्या ठेवायच्या. वारा खेळतो, पाऊस वाहून जातो. जमीन उंचावर घेतली की पुराचे पाणी शिरत नाही. गावच्या सुताराला ते काम येते आणि उद्या खांब कुजला तर तोच सुतार बदलून देतो. त्याच छपराखाली भोजनदान होते, सभा भरते, वाटसरू रात्रीला टेकतो.

पैसा कसा उभा राहतो? वर्षावास संपला की कठिण चीवरदानाचा सोहळा असतो. शहरात गेलेले, परदेशात निर्वासित म्हणून पांगलेले नातेवाईक त्या निमित्ताने येतात आणि चीवराबरोबर बांधकामासाठी दान देतात. देणाऱ्याचे नाव भिंतीवर, खांबावर रंगवतात. रक्कम लहान असली तरी नाव असते. आणि विहिअर पुरे झाले की सीमा बांधण्याचा मोठा उत्सव. आठ दिशांना आठ आणि मध्ये एक, असे नऊ खड्डे खणून त्यांत सीमेचे दगड पुरतात. दगड उतरण्याआधी बायाबापड्या त्या खड्ड्यांत सुई, दोरा, वही, पेन्सिल अशा वस्तू टाकतात. पुढच्या जन्मी बुद्धी तल्लख व्हावी, हात कुशल व्हावेत, अशी त्यांची श्रद्धा. बाबासाहेबांच्या धम्मात पुढच्या जन्माच्या अशा कल्पनेला जागा नाही, हे आपण जाणतो. पण त्यातला एक अर्थ आपल्यालाही पटेल. आपल्या हातची वस्तू ज्या पायाखाली आहे, ती इमारत परकी राहत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगणेही आमचे कर्तव्य आहे. १९९१ च्या पॅरिस करारानंतर देशात बाहेरचा पैसा येऊ लागला. १९९३ च्या राज्यघटनेने बौद्ध धम्म राजधर्म झाला. दान वाढले. आणि मग काय झाले? ख्मेर रूजच्या तडाख्यातून कशीबशी वाचलेली काही जुनी लाकडी, भित्तिचित्रे असलेली विहिअर आपल्याच लोकांनी पाडली आणि त्या जागी सिमेंटची मोठी बांधली. शत्रूने मोडले नाही ते हौसेने मोडले. सिमेंट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. जंगले सरली, लाकूड महागले, लोक तरी काय करणार? पण जुन्या भिंतीवरचे चित्र एकदा गेले की ते काढणारा चितारीही गेलेला असतो.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतले आहे. बामियानच्या बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उडवल्या, ते दुःख आपल्याला ठाऊक आहे. तसाच घाला २०१२ साली माली देशातल्या टिंबक्टू शहरावर आला. सशस्त्र धर्मांध टोळीने तिथल्या मुस्लिम संतांच्या चौदा समाध्या कुदळी-फावड्यांनी पाडल्या. साध्या मातीच्या इमारती त्या. पण तिथे मातीच्या इमारती बांधणारे गवंडी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. युनेस्कोने पैसा आणि तज्ज्ञ दिले, काम मात्र त्या गवंड्यांच्या हाती सोपवले. उरलेला पाया, जुने फोटो आणि म्हाताऱ्यांची आठवण यांवरून त्यांनी मार्च २०१४ ला काम सुरू केले आणि जुलै २०१५ पर्यंत सगळ्या समाध्या उभ्या केल्या. पाडकामाचा आदेश देणाऱ्यांपैकी एकाला २०१६ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नऊ वर्षांची शिक्षा दिली.

मातीची भिंत पावसात झिजते, म्हणून ती वरचेवर लिंपावी लागते. टिंबक्टूच्या जुन्या मशिदीला लिंपण घालायला सारे शहर जमते. आपल्या आज्या सणाआधी भिंती सारवायच्या, तेच हे. आपण त्याला मातीचा दोष म्हणतो. पण बघा, त्या दोषामुळेच विद्या टिकली. दरवेळी पोरे थोरांच्या हाताखाली शिकली, म्हणून पडल्यावर पुन्हा बांधता आले. एकदाच बांधून विसरायची इमारत असती, तर ती पडल्यावर बांधणारा कुठून आणला असता?

बंधू-भगिनींनो, एवढ्या लांबच्या गोष्टी सांगण्याचे कारण जवळचे आहे. आपला हा विहार पत्र्याच्या खोलीतून सुरू झाला. कोणी विटा दिल्या, कोणी वाळू, आणि ज्यांच्याकडे द्यायला काही नव्हते त्यांनी रविवारी घमेली वाहिली. आता नवी इमारत बांधायची चर्चा आहे. एखादा मोठा देणगीदार संगमरवर द्यायला तयार होईल, कोणी त्याबदल्यात दारावर मोठी पाटी मागेल. समितीने विचार करावा. आमची विनंती एवढीच, की जुन्या भिंतीत दम असेल तर ती दुरुस्त करावी. सभागृह आधी घ्यावे आणि ते हवेशीर असावे, अभ्यासाला बसणाऱ्या मुलांचा घाम निघू नये. छपराचे पाणी गटारात न सोडता टाकीत घ्यावे. घमेली वाहणाऱ्यांची नावे पाटीवर देणगीदारांच्या बरोबरीने यावीत. त्यांतले काही आज हयात नाहीत, त्यांची नावे घरोघरी विचारून आताच लिहून घेतली पाहिजेत. आणि आपल्या वस्तीत गवंडी आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत. काम त्यांना द्यावे, आणि त्यांच्या हाताखाली वस्तीतली चार पोरे ठेवावीत.

ती पोरे उद्या या भिंतीची डागडुजी करतील, आणि कधी वाईट दिवस आलाच तर नवी भिंत उभी करतील.

जयभीम! नमो बुद्धाय!