खांबापासून दूर : शेतघराची सौरवीज

विजेचा खांब जिथून अर्धा-एक किलोमीटर लांब आहे, अशा शेतावरच्या दहा बाय बाराच्या खोलीला वीज तशी फारशी लागत नाही. दोन-तीन दिवे, एक पंखा, मोबाइल आणि कधी लॅपटॉप एवढ्यावर तिथला मुक्काम निभावतो. त्यासाठी उचलून नेता येणारी सौरयंत्रणा पुरते. तिचे भाग दोनच. एक म्हणजे घडी घालता येणारे पॅनेल. दुसरा भाग पेटीचा. बाजारात तिला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात, आणि बॅटरी, चार्ज कंट्रोलर व इन्व्हर्टर हे सगळे तिच्या पोटातच असते. साधारण एक युनिट वीज साठवणारी पेटी १२ ते १५ किलोची असते, म्हणजे एका माणसाला उचलता येते.

खरेदीआधी करायचे काम एकच, ते म्हणजे वहीत हिशेब मांडणे. ९ वॅटचे तीन एलईडी दिवे चार तास लावले तर १०८ वॅट-तास लागतात. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा रात्रभर, म्हणजे १० तास चालला तर ३००. दोन मोबाइलना ४० आणि लॅपटॉपला तीन तासांचे १५०. बेरीज जवळपास ६०० वॅट-तास होते. इन्व्हर्टरमध्ये आणि वायरीत जाणारी गळती धरून ७५० मोजावेत, म्हणजे रोजचे पाऊण युनिट. जुना पंखा ७५ वॅट खातो. तोच ठेवला तर एकट्या पंख्याचेच ७५० होतात आणि सगळी यंत्रणा दुपटीकडे जाते. त्यामुळे पहिला खर्च पॅनेलवर न करता पंखा बदलण्यावर करावा. पैसे वाचवणारा याहून सोपा उपाय नाही.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे मात्र या हिशेबातून बाहेरच ठेवावी लागतात. गीझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री १००० ते २००० वॅटची असतात. इंडक्शनवर अर्धा तास स्वयंपाक केला की रात्रभराची वीज संपते. चूल, गॅस आणि पाण्यासाठी सौर बंब ही कामे स्वस्तात करतात. मिक्सरचे तसे नाही. तो ५०० ते ७५० वॅटचा असला तरी चटणी वाटायला दोन मिनिटे चालतो, त्यामुळे वीज किरकोळच जाते. फक्त सुरू होतानाचा झटका पेटीच्या इन्व्हर्टरला पेलता आला पाहिजे. विहिरीवरच्या मोटारीचा झटका चालू वॅटच्या कितीतरी पट असतो. तिच्यासाठी वेगळा सौरपंपच हवा.

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतल्या २५ अंश तापमानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, आणि तापमानाच्या दर अंशामागे उत्पादन साधारण ०.४ टक्के घटते. धूळ आणि वायरीतली घट धरली की छापील आकड्याच्या पाऊणपट वीज हाती येते असे मानणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात उघडीप असताना दिवसाला सुमारे पाच तास पूर्ण ताकदीच्या उन्हाइतकी ऊर्जा मिळते. त्यामुळे २०० वॅटचे पॅनेल दिवसाला ७५० वॅट-तास देते आणि वरचा हिशेब जेमतेम जुळतो.

खरी परीक्षा पावसाळ्याची. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैमध्ये उत्पादन अर्ध्यावर येते, आणि झड लागली तर पाचव्या हिश्शावरही. अशा वेळी मोठी बॅटरी घेण्याकडे कल असतो, पण बॅटरी वीज फक्त साठवते, तयार करत नाही. ढगाळ दिवसांत उपयोगी पडते ते जास्तीचे पॅनेल. शिवाय पॅनेल बॅटरीपेक्षा स्वस्त असते. बारमाही राहायचे असेल तर ४०० वॅटचे पॅनेल आणि सव्वा युनिटाची बॅटरी हा जोड बरा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची असावी. ती जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि काही हजार वेळा भरता-रिकामी करता येते. शिशाची बॅटरी घेताना स्वस्त वाटते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर खराब होते. त्यामुळे १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीतून कामाची वीज ६०० वॅट-तासच निघते.

उचलून नेण्याचा खरा फायदा प्रवासापेक्षा घरालाच जास्त होतो. घर आंब्याच्या सावलीत गार राहते आणि पॅनेल बांधावरच्या उन्हात ठेवता येते. सावलीबाबत हयगय चालत नाही. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी उत्पादन सावलीच्या मानाने कितीतरी जास्त घटते. तोंड दक्षिणेकडे असावे. पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या दुपारी पॅनेल सुमारे ४० अंश उभे हवे, तर मेमध्ये सूर्य डोक्यावर येत असल्याने जवळपास आडवे चालते. कोनमापकाची गरज नाही. पॅनेलवर एक पेन्सिल काटकोनात उभी धरावी. तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल कलवले की ते थेट सूर्यासमोर आले.

पॅनेल लांब नेले की वायर महत्त्वाची होते. १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह १० मीटर दूर न्यायचा, तर जाऊन-येऊन वायर २० मीटर होते. तांब्याची दीड एमएमची वायर वापरली तर सुमारे २.४ व्होल्ट, म्हणजे पाचवा हिस्सा वीज, वायर तापवण्यातच जाते. चार एमएमच्या वायरीत ही घट एक व्होल्टाच्या आत राहते. घरगुती बोर्डातून उरलेली वायर जोडण्याचा मोह म्हणूनच महागात पडतो. दुसरी खबरदारी व्होल्टेजची. पेटीच्या मागे पॅनेलसाठी ‘१२ ते ६० व्होल्ट’ अशी मर्यादा छापलेली असते. छतावरच्या ५४० वॅटच्या एका पॅनेलचे व्होल्टेज, लोड नसताना, ५० च्या आसपास असते. अशी दोन पॅनेले सिरीजमध्ये जोडली तर पेटीचा इनपुट जळतो, आणि अशा बिघाडाला वॉरंटी सहसा लागू होत नाही.

इन्व्हर्टरचे बटण चालू असले की काहीही न जोडता तो १०-१५ वॅट पितच राहतो. रात्रभरात ते दीडशे वॅट-तास होतात, अर्ध्या पंख्याइतके. मोबाइल यूएसबीवर, दिवा आणि पंखा १२ व्होल्टवर चालणारे घेतले तर हे बटण बंद ठेवता येते.

पेटी पॅनेलच्या आडोशाला उन्हात ठेवण्याची सवय फार दिसते, आणि ती बॅटरीचे आयुष्य खाते. पेटी घरात, हवेशीर जागी, जमिनीपासून वितभर उंच असावी. घडीची पॅनेले पावसाचे शिंतोडे सोसतात, पण त्यांच्या जोडणीच्या डब्या आणि पेटी पाणी सोसत नाहीत. पावसाळाभर बाहेर ठेवायला काचेचे पक्के पॅनेलच हवे. वळवाच्या वाऱ्यात हलके पॅनेल उडते, म्हणून चारही कोपरे खुंट्यांना बांधावेत, आणि गडगडाट सुरू होताच पॅनेलची वायर पेटीतून काढावी. धूळ सकाळी, पॅनेल थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावी.

मुक्काम संपून घर बंद करताना बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. निम्म्याच्या थोडी वर ठेवून पेटी बंद करावी आणि दर तीन महिन्यांनी तपासावी. फुगलेली किंवा निकामी बॅटरी उघडू नये, कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात द्यावी.