हातातील हत्यार आणि आजची विद्या
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सुतारकीला आता काम उरले नाही, असे गाऱ्हाणे आपल्या मेळाव्यांतून वरचेवर ऐकू येते. आमचे नम्र मत असे की, काम गेलेले नाही. त्याने जागा बदलली आहे. पूर्वी सागवानी चौकट आणि बैलगाडी आपल्या अंगणात घडत. आज कपाटे नि ओटे प्लायवुडमधून कारखान्यात घडतात. संगणकावरील आराखडा यंत्राला दिला की, ते मिलिमीटरच्या हिशेबाने फळी कापते. ते यंत्र चालविण्याची विद्या आपल्या मुलांच्या हाती कशी येईल, हाच आजचा प्रश्न आहे.

धंदेशिक्षणाची कल्पना नवी नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली व औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा विस्तार झाला. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. २०२३ साली निघालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ धंद्यांत सुतारकीचा समावेश असून, तीत प्रशिक्षण आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. दारे उघडी आहेत. आत पाऊल टाकावयाचे आहे.

तथापि केवळ यंत्र आणल्याने शिक्षण आधुनिक होत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि कप्पा अडकतो. ते रेषांना आडवे फुगते, लांबीत फारसे नाही. प्लायवुडचे थर एकावर एक आडवे-उभे चिकटविलेले असल्याने ते तसे फुगत नाही. हे का घडते, ते ज्यास ठाऊक तोच यंत्राला योग्य माप देईल. म्हणून रंधा, पटाशी आणि गुण्या यांचा हात मुलाने घरी बसवावा. आराखडा, यंत्र आणि कामाचा अंदाजखर्च संस्थेत शिकावा. आणि शिक्षकांनीही अधूनमधून कारखान्यात जाऊन नवे काम पाहावे.

मुलाने करवत सोडून खुर्चीवर बसावे, असे कित्येक पालकांस वाटते. त्यांची माया आम्ही जाणतो. त्यांच्या अंगठ्यावरचे घट्टे आम्ही पाहिले आहेत. परंतु खुर्च्या थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. पदवी घेऊन रिकाम्या हाताने घरी बसलेल्या मुलाच्या डोळ्यांतील खिन्नता कोणत्या आईबापास सोसवेल?

आमची सूचना एवढीच आहे. मंडळाच्या शिष्यवृत्ती-निधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच धंदेशिक्षण घेणाऱ्यांसही समान वाटा द्यावा, आणि मुलींस त्यातून वगळू नये. आराखडा काढणाऱ्या हातास मनगटाच्या जोरापेक्षा नजरेची अचूकता अधिक लागते. समाजाचा मान पदवीइतकाच कसबासही मिळाला, तर आपला तरुण यंत्राचा चाकर न होता त्याचा धनी होईल.