भोवळीविषयी चार शब्द
(महोत्सवानिमित्त वरूड येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आरोग्याविषयी काही बोलावे अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही कोणता विषय घेणार हे आपण ताडलेच असेल. गतवर्षी प्रातःकाळच्या मिस्साच्या वेळी मस्तक लववून आम्ही वर पाहिले, तो सारे ख्रिस्तमंदिर कुंभाराच्या चाकासारखे फिरू लागले व वेदीची कड धरून आम्हांस उभे राहावे लागले. कोणी म्हणाले पित्त, कोणी म्हणाले उपास. एका वृद्ध मातेने तर दृष्ट लागल्याचे सुचविले. तिच्या मायेबद्दल आम्ही ऋणी आहोत, निदानाबद्दल नाही.

तीन आठवडे आम्ही गोळ्या घेतल्या व मान ताठ ठेवून पडून राहिलो. भोवळ टिके जेमतेम अर्धे मिनिट. परंतु तिच्या धास्तीने सारा दिवस व्यापला. कूस बदलण्याचेही भय वाटे. अखेर अमरावतीस कानाच्या एका डॉक्टरांनी आमची मान उजवीकडे वळवून आम्हांस एकाएकी मागे निजविले व डोळ्यांत निरखून पाहिले. बुबुळे थरथरू लागताच ते म्हणाले, "फादर, उजव्या कानातले खडे सरकले आहेत."

कानाच्या अगदी आतल्या भागात एका पिशवीत चुनखडीच्या जातीचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. शेजारी द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून डोके वळताच त्यांतून मेंदूस वर्दी जाते. उतारवयात अथवा डोक्यास मार लागल्यास स्फटिक सुटून बहुधा मागच्या नळीत पडतात. मग डोके स्थिर झाले तरी ते घसरत राहतात, त्यांबरोबर द्रव ओढला जातो आणि मनुष्य फिरतो आहे अशी खोटी वर्दी मेंदूस पोचते. गोळीने मळमळ शमेल. खडे जागचे हलत नाहीत.

डॉ. रॉबर्ट बारानी यांना या तोलाच्या इंद्रियावरील संशोधनाबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. या भोवळीचे वर्णन त्यांनी १९२१ मध्ये केले. खडे ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर आणावे, ही युक्ती मात्र अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांची. सहव्यवसायींनी प्रथम ती हसण्यावारी नेली. १९९२ मध्ये ती सविस्तर प्रसिद्ध झाली.

आमच्यावर प्रयोग झाला तो असा. मान उजवीकडे वळवून निजविले, डोके खाटेच्या कडेखाली किंचित लोंबते. भोवळ शमेपर्यंत थांबले. मग मान तशीच डावीकडे नेली, थांबले. मग सारे अंग डाव्या कुशीवर वळवून तोंड जमिनीकडे केले. पुन्हा थांबले, आणि हळूच उठविले. पाच मिनिटेही लागली नसतील. आठवड्याने पुन्हा एकदा केले आणि भोवळ गेली. ती पुष्कळांस पुन्हा उद्भवते, उपाय तोच. खडे बसल्यावरही वृद्धांचे पाय काही दिवस लटपटतात. त्यांस फिजिओथेरपिस्ट नजर एका जागी ठेवून मान हलविण्याचे व तोल सांभाळून चालण्याचे व्यायाम शिकवितात.

परंतु भोवळीबरोबर जीभ जड झाली, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले वा उभेच राहवेना, तर ते खड्यांचे काम नव्हे. तत्क्षणी रुग्णालय गाठावे. मानेच्या मणक्यांचा विकार असणाऱ्यांनी तर हा उपचार घरी करूच नये.

आपल्यापैकी अनेकजण संत्र्याच्या तोडीवर जातात. शिडीवर उभे राहून मान मागे टाकावयाची व फांदीत हात घालावयाचा, हीच नेमकी भोवळ आणणारी अवस्था. ज्यास ती येते त्याने बरे होईपर्यंत शिडी चढू नये. बगिच्यांचे धनी येथे बसले आहेत. अशा मजुरास त्यांनी घरी न धाडता खाली संत्री निवडावयास बसवावे व मजुरी पुरी द्यावी, अशी त्यांस आमची विनंती आहे. मजुरी बुडेल म्हणूनच लोक भोवळ लपवितात, हे आम्ही पाहिले आहे.

मिस्सानंतर काहीजण आमच्याकडे मान फिरवून घ्यावयास येतात. ती विद्या आमची नव्हे. अमरावतीच्या डॉक्टरांस चिठ्ठी मात्र आम्ही अवश्य लिहून देऊ.