मिनी पोकलेन घेण्याआधी

आपल्याकडे माती उकरणाऱ्या कुठल्याही यंत्राला लोक एक तर ‘जेसीबी’ म्हणतात, नाही तर ‘पोकलेन’. मुळात ही दोन्ही कंपन्यांची नावं, एक इंग्लंडमधली, दुसरी फ्रान्समधली. जेसीबी चाकांवर पळतं. पोकलेन साखळीवर चालतं आणि जागच्या जागी पूर्ण गोल फिरतं. त्याचं धाकटं भावंड म्हणजे मिनी पोकलेन, साधारण १ ते ६ टनांचं.

छोटी बांधकामं आणि बागांची कंत्राटं मी बरीच वर्षं घेतो आहे. त्यामुळे गावाकडची मुलं विचारतात, ‘दादा, कोणतं मशीन घेऊ?’ बहुतेकांनी कर्जाची फाईल आधीच टाकलेली असते, घरचं सोनं नाही तर जमिनीचा तुकडा त्यात अडकलेला असतो. मी उलट विचारतो, ‘तुझं काम कुठं आहे?’

शहरात बंगल्यामागे बाग करायची तर बाजूची बोळ जेमतेम ४ फुटांची. दीड टनाचं मशीन साधारण १ मीटर रुंद असतं, ते आत जातं. ३ टनाचं दीड मीटरच्या आसपास, ते फाटकातच अडतं. मग त्याची ताकद काय चाटायची? पण ड्रेनेजसाठी ९ फूट खोल जायचं असेल तर दीड टनाचा हात पुरत नाही, तो ७ फुटांच्या आगेमागे थांबतो. काही मशीनची पाठ फिरताना साखळीच्या बाहेर येत नाही. कंपाउंडच्या भिंतीला लागून चर काढताना त्याचं मोल कळतं.

मग जमीन. दख्खनमध्ये वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरुमापर्यंत बकेट चालते, पुढे ब्रेकर लागतो. त्यासाठी हायड्रॉलिकची जादा लाईन मशीनला आहे का, हे सौद्याआधी विचारा. रबरी साखळी हिरवळीला आणि फरशीला जपते, पण धारदार दगडावर फाटते, आणि ती स्वस्त नसते. बकेटची रुंदीही बघा. नळाच्या पाइपाला फूटभर चर पुरतो. दोन फुटी बकेट लावली तर दुप्पट माती काढायची आणि दुप्पट बुजवायची.

आता हिशेब. समजा हप्ता ४० हजार आहे आणि महिन्यात १०० तास काम मिळालं, तर तासाला ४०० रुपये हप्त्यातच गेले. पावसाळ्यात ६० तासच भरले तर तोच आकडा ६६७ होतो. डिझेल, ऑपरेटरचा पगार आणि मशीन वाहून नेणारी गाडी वेगळी, कारण साखळीचं मशीन ताशी ३-४ किलोमीटरनं रांगतं. मी तर म्हणेन, एक हंगाम भाड्याच्या मशीनवर काढा आणि रोजचे तास वहीत लिहा. विक्रेत्याच्या कागदावरचे तास वेगळे असतात.

जुनं मशीन बघायला सकाळी जा. इंजिन गार आहे ना, हे हात लावून बघा, मगच चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलं असेल तर खरी अवस्था कळत नाही. बकेट वीतभर उचलून, इंजिन बंद करून हलवा. पिना-बुश झिजले असतील तर ती खुळखुळते. शेवटी बूम वर करून ठेवायला सांगा, इंजिन बंद करा आणि लांब उभं राहून चहा घ्या. चहा संपेपर्यंत बूम खाली झुकलेला दिसला, तर सिलिंडरच्या सीलचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.