प्राप्तीकर बेकायदा आहे काय?
(बदनापूर येथील भाषण)



प्राप्तीकर बेकायदा आहे, भरूच नका, असे सांगणारा शहाणा भेटल्यास त्यास विचारा, कोणत्या कलमाने? घटनेचे २६५ वे कलम म्हणते, कायद्यावाचून कोणताही कर बसविता अगर वसूल करिता येत नाही. हा आपला आधार खरा. पण त्याच घटनेने प्राप्तीवरील कराचा अधिकार केंद्रास दिला. शेतीचे उत्पन्न तेवढे वगळून राज्यांकडे ठेविले.

मुंबईचे नवीनचंद्र मफतलाल मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावरच्या कराविरुद्ध लढले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कर कायदेशीर ठरविला. मोठमोठे वकील जेथे हरले, तेथे चावडीवरच्या गप्पा टिकतील काय?

तेव्हा एवढे ध्यानात धरा. जोंधळा, कापूस, मोसंबी यांचे उत्पन्न शेतीचे. सुताराचे दुकान किंवा अडत यांचे तसे नव्हे. तेथे ठराविक मर्यादेपुढे कर लागतो. नोटीस आली तर फाडू नका. शिकलेल्या पोरीकडून ती वाचून घ्या, मुदतीत उत्तर धाडा, पोच जपून ठेवा. अज्ञानापायी जो दंड भरावा लागतो, तो कोणत्याही करापेक्षा जबर असतो.