टीपकागद आणि ताप



टीपकागद ठाऊक आहे ना? वहीवर शाई सांडली की वरून तो दाबायचा. शाई कागदात आपोआप चढते. दिव्याच्या वातीत तेलही असेच चढते. कोणी ढकलावे लागत नाही. आम्ही पडलो शाळामास्तर. टीपकागद हाताळण्यातच आमची हयात गेली.

कागदाच्या याच गुणावर लघवी, रक्त तपासण्याची युक्ती निघाली आहे. अमेरिकेत हार्वर्ड नावाचे विद्यापीठ आहे. तेथील जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांचे सोबती यांनी २००७ साली कागदाचा एक लहानसा तुकडा तयार केला. शेतात बांध घालून आपण पाटाने पाणी नेतो ना, तसे त्यांनी कागदात बारीक बांध घातले. लघवीचा थेंब एका टोकाला लावला की तो पाटाने निरनिराळ्या वाफ्यांत जातो. एका वाफ्यात साखरेची खूण उमटते, दुसऱ्यात प्रथिनाची. रंग बदलला की समजावे. वीज नको, पंप नको.

आता आपल्या दाराशी येऊ. हिवतापाची तपासणी पट्टी ही या कागदाची थोरली बहीण. ती आशाताईच्या पिशवीत असते. पूर्वी बोट टोचून रक्त काचेवर घेत. ती काच दवाखान्यात जायची, तिथे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बघायचे. ती तपासणी चांगलीच, आजही होते. पण पावसाळ्यात नाला भरला की काच अडते आणि निकालही अडतो. गडचिरोलीकडे जंगलातल्या गावांना हे सांगायला नको.

आणि थांबायला वेळ कुठे असतो? हिवतापाचा फॅल्सिपेरम नावाचा प्रकार मोठा घातकी. २४ तासांत औषध मिळाले नाही तर रोगी अत्यवस्थ होऊ शकतो. लहान लेकरू आणि गरोदर बाई यांना तर धोका जास्तच.

पट्टीवर रक्ताचा एक थेंब टाकतात. मग बाटलीतले औषधी पाणी. रक्त पट्टीतून सरकू लागते. बहुतेक पट्ट्यांत सोन्याचे अतिबारीक कण असतात. सोने म्हटल्यावर कान टवकारू नका, त्यातून नथ व्हायची नाही! पण हिवतापाची खूण रक्तात असली तर हे कण तिला चिकटतात आणि लालसर रेघ उमटते. पंधरा-वीस मिनिटांत उत्तर हातात.

एक रेघ मात्र उमटलीच पाहिजे. पट्टी नीट चालली, याची ती साक्ष. ती नसेल तर पट्टी वाया गेली. दुसरी घ्यायला सांगावे. रेघ कितीही फिकट असो, ती रेघच. सांगितलेली वेळ टळल्यावर पट्टी वाचू नये. सुई दर माणसाला नवी हवी, हे आपण डोळ्यांनी बघावे. त्यात भीड कसली?

रेघेवरून हिवतापाचा प्रकार कळतो आणि त्याप्रमाणे औषध ठरते. व्हायव्हॅक्स प्रकाराचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात, दडून बसतात. म्हणून त्याची एक गोळी १४ दिवस देतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून पुडी फळीवर ठेवली, की काही महिन्यांनी ताप पुन्हा हजर.

पट्टी फक्त हिवतापाचे बोलते. डेंग्यू, विषमज्वर यांचे तिला काही कळत नाही. पट्टी ‘नाही’ म्हणाली आणि ताप हटला नाही, तर काचेवरही रक्त घ्यायला सांगावे आणि रोग्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.